डाव्या बाजूची बाई

"आजी, इथे एक सही करता का?" असं त्या मुलीनं विचारलं तेव्हा मी पर्समधून चष्मा काढत होते. तो हातात तसाच राहिला. दवाखान्याच्या त्या लांबट खोलीत पंधरा-वीस माणसं नंबराची वाट बघत बसली होती. सून माझे जुने कागद घेऊन खिडकीपाशी रांगेत उभी होती आणि मी दुखरा खांदा भिंतीला टेकणार नाही अशा बेतानं तिरकी बसले होते. ती मुलगी माझ्याच बाकावर होती, मध्ये एक माणूस सोडून. तो मधला माणूस तिचा. म्हणजे नात्याचा कोणी नव्हे. ती त्याला सांभाळणारी. चाळिशीचा, अंगानं थोराड, ओल्या केसांचा नीट भांग पाडलेला, आणि मांडीवर चपलांचा एक रिकामा खोका दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. पाच मिनिटांपूर्वी वॉर्डातला माणूस येऊन चाकाची खुर्ची मागून गेला होता. "बाई, खुर्ची मोकळी करा, वर पेशंट खोळंबलाय," म्हणाला आणि उचलायला हात न लावता उभा राहिला. मग तिनं एकटीनं त्या माणसाच्या काखांत हात घातले, आपला गुडघा त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये रोवला आणि त्याला उचलून बाकावर बसवलं. मी सगळं पाहिलं. बाकीच्यांनी पाहिलं नाही. अशा वेळी लोक भिंतीवरचं घड्याळ बघतात. तिच्या निळ्या कोटाखालून कंबरेच्या पट्ट्याची कड दिसली, आणि त्याला बसवून झाल्यावरही ती क्षणभर वाकलेलीच राहिली, तेही दिसलं. त्या क्षणात आपण आतल्या आत विचारत असतो, सरळ होता येईल ना? एकतीस वर्षं मी हा प्रश्न विचारलाय.

"कसली सही?"

"काही नाही हो, आमच्या संस्थेचा कागद आहे. याला उठवलं-बसवलं की दोघींनी सही करायची. दोघींनी मिळून उचलायचं असा नियम आहे ना." तिनं पेन पुढे केलं. "आज माझ्या जोडीदारणीला तिकडेच ठेवून घेतलं, तिकडेही माणूस नाही. तुम्ही नुसतं नाव लिहा. तुमचं काय जातं?"

चष्मा लावून बघितलं तर कागदही तोच. छपाई स्वच्छ झाली होती, कडेला रंगीत पट्टी आली होती, पण चौकटी त्याच. वेळ, कोठून, कोठे, उजवी बाजू, डावी बाजू. उजव्या बाजूला तिची सही होती. डावी बाजू रिकामी. छत्तीस वर्षांनी ती रिकामी चौकट अशी अचानक मांडीवर येऊन पडेल असं मला वाटलं नव्हतं. नाकात, कुठून कोण जाणे, ओल्या टॉवेलाचा आणि स्वस्त साबणाचा वास आला.

आमच्या संस्थेतही अशीच माणसं असायची; आम्ही त्यांना मुलं म्हणायचो. सगळ्यांत धाकटं मूल पंचवीस वर्षांचं, सगळ्यांत थोरलं त्रेसष्टचं. त्यांच्या दाढ्या आम्ही करायचो. आईवडील थकले किंवा गेले की भावंडं त्यांना आमच्याकडे आणून सोडायची. पहिले काही महिने दर रविवारी यायची, मग एक रविवार आड, मग वाढदिवसाला. वरच्या मजल्यावर सतरा जण आणि मी. खालच्या मजल्यावर अठरा जण आणि लांबी. लांबी म्हणजे माझी जोडीदारीण. ती ताडमाड आणि मी अशी, म्हणून सगळी संस्था आम्हांला लांबी-बुटकी म्हणायची, आणि पुढे आम्हीही एकमेकींना तशीच हाक मारायला लागलो. सकाळी सहा ते अकरा या वेळात सतरा जणांचे दात, सतरा अंघोळी, सतरा जणांचं खाणं, आणि सतरांतल्या पाचांना उचलायचं. आमचं खाणं उभ्यानं, जिन्यात. मोरीला जायचं तर आधी कुणाला तरी बजावायचं, "मी येईपर्यंत हलू नकोस हं राजा," आणि कान बाहेर ठेवून बसायचं. एकदा माझ्या दंडावर दातांचे वळ बघून नवऱ्यानं विचारलं, "हे कुणाचे?" मी म्हटलं, "आमच्या इन्स्पेक्टरचे." इन्स्पेक्टर म्हणजे आमच्या मुलांतलाच एक. त्याला हसू आलं नाही. घरी गेल्यावर माझा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा, गळ्यात पडायला यायचा आणि मी हात आडवा धरायची. दिवसभर इतकी माणसं अंगाला लागलेली असायची की त्याचंही वजन नको वाटायचं. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. तो आता पंचेचाळिशीचा झालाय आणि भेटला की लांबूनच "कशी आहेस?" विचारतो.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या व्यवस्थापक, म्हणायच्या, "ही नोकरी नाही, सेवा आहे." सुट्टी मागितली की हमखास म्हणायच्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही वरून कुणीतरी हेच ऐकवत असणार. त्या गेल्या की लांबी आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणायची, "सेवा करणारीला कंबर नसते वाटतं गं? मला तर दोन आहेत, आणि दोन्ही दुखतात." मग कुठल्याशा दुसऱ्या संस्थेत कुणीतरी पडलं, बोभाटा झाला, आणि वरून नियम आला की उचलायचं ते दोघींनीच. नियमाबरोबर छापील कागदांचा गठ्ठा आला. माणूस आलं नाही. आम्ही मोठ्या बाईंना विचारलं की वर सतरा, खाली अठरा, तर दुसरी बाई कुठून आणायची? त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्ही दोघी समजूतदार आहात. कागद रोज पूर्ण भरलेला पाहिजे. आणि खाडाखोड चालणार नाही, चूक झाली तरी." पहिला आठवडा आम्ही खरोखर जिना चढ-उतार केली. ती वर यायची, मी खाली जायची. दोन्ही मजल्यांवरची मुलं तेवढा वेळ उघड्यावर पडायची. एकानं त्या वेळात साबणाची वडी खाल्ली. मग आम्ही समजूतदार झालो. मी वर एकटीनं उचलायची आणि डाव्या बाजूला तिची सही करायची. ती खाली एकटीनं उचलायची आणि माझी करायची. तिची सही मी वहीच्या मागल्या पानावर गिरवून शिकले. एक मोठं अक्षर, त्याच्या पोटातून मागे वळलेली लांब रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. "ठिपके कशाला गं?" मी विचारलं होतं. "ते माझे डोळे," ती म्हणाली. "तू नीट उचलतेस का नाही ते बघायला."

"आजी?" मुलगी म्हणाली. "नंबर जवळ आलाय हो."

"मी उचललं नाही त्याला," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा कडक निघाला. "मग मी कशी सही करू?"

तिनं माझ्याकडे बघितलं, म्हातारं खोड कटकट करतंय असं. त्या बघण्यातही मला काही नवीन नव्हतं. "तुम्हांला वाटतं मला हौस आहे? एकटीनं उचललं असं लिहिलं तर म्हणतील, का उचललंस? नाही उचललं तर म्हणतील, त्याला ओल्यात का बसवून ठेवलंस? जोडी द्या म्हटलं की म्हणतात, बघू. मागच्या महिन्यात एकीनं ती चौकट रिकामी ठेवली. तिला आता बोलावतच नाहीत." मग जरा थांबून, हळू म्हणाली, "राहू दे. मी तिचंच नाव टाकते. नेहमी टाकतेच."

नेहमी टाकतेच. मी त्या थोराड माणसाकडे बघितलं. तो खोक्याचं झाकण उघडून आत डोकावत होता आणि पुन्हा बंद करत होता. आत काही आलंय का बघत असावा. आमच्या इन्स्पेक्टरचं वेड वेगळं होतं. त्याला बटणं तपासायला लागायची. बावन्न वर्षांचा, नव्वद किलोंचा, पाय काटकुळे. सकाळी जी पहिली बाई दिसेल तिची सगळी बटणं वरून खाली बघायचा आणि एखादं सुटलेलं असलं तर जीभ बाहेर काढून, मोठ्या कष्टानं लावून द्यायचा. मग म्हणायचा, "पास." त्याला उठवायची आमची एक रीत ठरलेली होती, पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी खरोखरच होतो तेव्हाची. उजवीकडून मी म्हणायची "एक", डावीकडून लांबी म्हणायची "दोन", आणि "तीन" त्याचं. तीन म्हणताना तो स्वतःच जोर लावायचा, त्यामुळे नव्वदाचे साठ व्हायचे. पुढे मी एकटी राहिले तरी तो "दोन" आल्याशिवाय हलेचना. डावीकडे बघत बसायचा. शेवटी मी युक्ती केली. "एक" माझ्या आवाजात, आणि "दोन" घसा खाली ओढून लांबीच्या आवाजात. त्यानं डावीकडे बघितलं, कुणी नाही. माझ्याकडे बघितलं आणि इतका हसला की लाळ गळली. "नाय," म्हणाला, डावीकडे बोट करून. "लांबी नाय." पण खेळ आवडला असावा. "तीन" म्हणाला आणि उठला. त्यानंतर रोज तसंच. कुणी नाही हे त्याला डोळ्यांनी दिसायचं, म्हणून तो सगळा भार माझ्याकडे टाकायचा. कुठे रेलायचं ते त्याला बरोबर कळत होतं. आमच्यात तो एकटाच होता, ज्यानं त्या कागदावर कधी विश्वास ठेवला नाही.

त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत साबण गेला. एवढंच. अंघोळीच्या स्टुलावरून त्याला उठवायचं होतं, डोळे गच्च मिटलेले, तोंड वाकडं, टॉवेल दाराला, माझा हात पोचत नव्हता. त्याला उठवलं की टॉवेल घेता येईल असा मी हिशेब केला. "एक," म्हटलं. आणि सवयीनं, घसा खाली ओढून, "दोन." रोजच्यापेक्षा त्या दिवशी तो आवाज फार चांगला जमला होता. मला आठवतं, माझं मलाच कौतुक वाटलं. तो म्हणाला "तीन", आणि डावीकडे रेलला. पूर्ण विश्वासानं, जसा लांबीच्या खांद्यावर रेलायचा तसा. डावीकडे ओली फरशी होती.

पडण्याचा आवाज मी इथे लिहीत नाही. कमरेचं हाड मोडलं. त्याला घेऊन गेले, मोरीत साबणाचं पाणी अजून वाहत होतं, आणि मी बाहेर येऊन टेबलापाशी बसले आणि कागद भरला. वेळ सात वाजून दहा मिनिटं. उजवी बाजू, माझी सही. डावी बाजू, तिची, ठिपक्यांसकट. सही हुबेहूब आली. कागद पूर्ण भरलेला पाहिजे, या पलीकडे तेव्हा डोक्यात काही नव्हतं. त्याच वेळी खालच्या मजल्यावर लांबी एका मुलाला पलंगावरून खुर्चीत बसवत होती, एकटीच, आणि तिनं तिच्या कागदावर माझी सही केली होती. वेळ सात वाजून दहा. म्हणजे कागदावर सात-दहाला आम्ही दोघी वर होतो आणि दोघी खालीही होतो. अंगानं दोन बायका, कागदावर चार. मोठ्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. मी समोर उभी होते. त्यांनी खालच्या मजल्याचा कागद उचलला, त्याची चौघडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. मला म्हणाल्या, "पाणी पी."

दोन दिवसांनी वरून एक गृहस्थ आले. सभ्य होते, आवाज चढवला नाही. त्यांच्यापुढे एकच कागद. "पेशंट डाव्या बाजूला पडले. डाव्या बाजूला तुम्ही होतात?" त्यांनी लांबीला विचारलं. तिनं मोठ्या बाईंकडे बघितलं; त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला बोलायचं होतं. शब्द तयार होते: ती तिथे नव्हती, सही मी केली, आम्ही दोघी रोज करतो, खालचा कागद त्या ड्रॉवरमध्ये आहे. एवढंच. पण नोकरी गेली तर, नवरा तेव्हा घरीच बसलेला, मुलाची शाळा, असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी तिच्या हनुवटीकडे बघत राहिले. ती थांबली होती. किती वेळ? मी नंतर कितीदा तरी मनात मोजून बघितलंय. एक, दोन, तीन, एवढाच. मग ती म्हणाली, "होते. माझा हात सुटला."

तिला काढलं. मला ठेवलं. "उजवी बाजू घट्ट होती," असा शेरा लिहिलेला मी वाचला. मी पुढे वीस वर्षं तिथे काढली. निवृत्तीला मला फुलांचा गुच्छ दिला आणि सेवेवर भाषण झालं. लांबीकडे मी एकदाच गेले, पहिल्याच महिन्यात. तिनं पाणी दिलं, इन्स्पेक्टर कसा आहे विचारलं, आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बुटके, माझी सही तुझ्याकडे राहिली हं." हसत म्हणाली. मी परत गेले नाही. नऊ वर्षांपूर्वी ती वारली असं कुणाकडून तरी कळलं. इन्स्पेक्टर पुन्हा कधी उभा राहिला नाही. अंथरुणावर सहा वर्षं काढली. पडल्या पडल्या बटणं तपासायचा. एकदा त्याला कुशीवर वळवताना, चुकून, मी "एक" म्हणून पुढे घसा खाली ओढला, तर त्यानं आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. रागानं नाही. दार लावावं तसा.

खोलीत नंबर पुकारला. वॉर्डातला माणूस खुर्ची ढकलत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मुलगी उठली, पट्टा आवळला, त्या माणसाच्या समोर वाकली.

"थांब," मी म्हटलं. पर्स बाकावर ठेवली आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"अहो आजी, काय करताय? तुम्हांला काही झालं तर मलाच धरतील!"

"मला काही झालं तर दवाखान्यातच आहोत. तू उजवीकडे ये. असं समोरून नाही उचलायचं, कंबर जाईल. काखेत हात नको, तिथून नसा दबतात. पाठीमागून त्याच्या पॅन्टच्या पट्ट्याला धर. हं. आता मोजायचं. एक तू म्हण, दोन मी."

"आम्ही मोजबीज नाही करत."

"याला कळायला नको, कधी उठायचं ते?"

तिला हसू आलं, की रडू, कोण जाणे. "एक," ती म्हणाली. मी म्हटलं, "दोन." आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो घोगरा आवाज लांबीचा होता. मी घसा ओढला नव्हता. वयानं माझा आवाजच तसा झालाय, आणि ते मला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्या माणसानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, खोका छातीशी धरला, आणि रेलला. डावीकडे. केवढं वजन असतं माणसाचं! मी विसरले होते. खांद्यातून कळ निघाली ती थेट बोटांपर्यंत गेली, आणि त्याचा गरम, साबणाच्या वासाचा दंड माझ्या गालाला लागला. मी धरून राहिले. तीन कुणीच म्हटलं नाही. तो खुर्चीत बसला.

"आण तो कागद," मी म्हटलं. वेळ, कोठून, कोठे, तिनं भरलं. डाव्या बाजूच्या चौकटीत मी पेन टेकवलं आणि हात आपोआप चालायला लागला. एक मोठं अक्षर, त्याच्या पोटातून मागे वळणारी रेघ. छत्तीस वर्षं न केलेली सही माझ्या स्वतःच्या सहीपेक्षा सराईत निघत होती. ठिपके द्यायला पेन खाली आलं तेव्हा मी थांबले. मग त्या सगळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी, चौकटीत मावेना तरी, माझं पूर्ण नाव लिहिलं.

"अहो, खाडाखोड चालत नाही!" मुलगी कळवळून म्हणाली.

"माहीत आहे." नावाखाली मी घरचा फोन नंबर लिहिला. "विचारायला कुणी आलं तर सांग, त्या म्हातारीला विचारा म्हणून. आज ही एकटीच आली होती, एकटीला पाठवलं होतं, हे मी सांगेन. कुणासमोरही सांगेन."

"आणि वरची ओळ?" तिनं पहिल्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "ती?"

"ती तुझी तू बघ. फक्त जोडीदारणीचं नाव घालणार असलीस तर आधी तिला विचार. सांग तिला, की आज सकाळी ती इथे होती."

नोकरी तिची होती, माझी नव्हती. मला हे सांगणं सोपं होतं, हे आम्हां दोघींनाही कळत होतं. तिनं खुर्ची वळवली. दाराशी थांबून, कागद खुर्चीच्या पाठीवर टेकवून तिनं त्या चौकटीत काहीतरी लिहिलं. एखादा छोटासा शब्द असावा. नाव लिहायला लागतो तेवढा वेळ तिला लागला नाही. किंवा लागलाही असेल. चष्मा मी काढून ठेवला होता.

तेवढ्यात सून आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "आई, काय झालं? घाम का आलाय? खांदा जास्त दुखतोय का?"

"जास्त दुखतोय," मी म्हटलं.

याला आता तीन आठवडे झाले. हल्ली घरातला फोन वाजला की मी कुणाच्याही आधी उठते. सून म्हणते, "आई, बसा हो, मी घेते ना." मुलगा म्हणतो, अनोळखी माणसांशी बोलू नये, काहीही विचारतात. अजून तो फोन आलेला नाही. दोनदा कुणीतरी काहीतरी विकायला होतं, एकदा चुकीचा नंबर. पण रिसीव्हर कानाला लावला की समोरचा काही बोलायच्या आत मी आधी माझं पूर्ण नाव सांगते.